बिलं पाठवा, पण नंतर सापडतील अशी

जीएसटी आणि आयकराच्या कामासाठी आमच्याशी व्हॉट्सॲपवर बोलणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

नमस्कार.

महिन्याच्या १० तारखेला रात्री आमच्या ऑफिसचा फोन टेबलावर सारखा थरथरत असतो. ११ तारखेला जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या विवरणपत्राची, मुदत संपते आणि दुकानाचं शटर ओढता ओढता सगळ्यांना बिलं आठवतात. एकाच चॅटमध्ये आधी बिल, मग गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल, मग नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ, मग खालचा जीएसटी नंबर कापला गेलेलं अर्धं बिल. त्यातून वेचून काढणं हे आमचं काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या गोंधळात नुकसान तुमचं होतं, आणि ते गेल्या वर्षी आम्ही फार जवळून पाहिलं.

आमच्या एका हार्डवेअरवाल्या ग्राहकांना दोन वर्षांपूर्वीच्या खरेदीचं बिल दाखवायची नोटीस आली. बिल पुरवठादाराने व्हॉट्सॲपवरच दिलं होतं, कागद कधी हातात आलाच नव्हता. आमच्यासमोर बसून त्यांनी चॅट मागे मागे सरकवलं. तारीख सापडली, बिलाचा धूसर चौकोनही दिसला. त्यावर बोट ठेवलं तर फाईल उतरेना. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, एवढंच ॲप म्हणत होतं. आली त्या दिवशी ती फाईल कुणी उघडलीच नव्हती, आणि न उतरवलेल्या फाईली ॲप आपल्याकडे कायम ठेवत नाही. पुरवठादाराने धंदा गुंडाळलेला, नंबर बंद. घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, परत भरावं लागलं, वर १८ टक्के दराने व्याज. माल खरा होता, पैसेही दिलेले होते. आम्हीही त्या वेळी फक्त आकडे जुळवले, बिलाची प्रत मागून ठेवली नाही. ती आमची चूक होती. आता प्रत हातात आल्याशिवाय आम्ही क्रेडिट धरत नाही, त्यामुळे मागे लागलो तर राग मानू नका.

७२ महिन्यांचा हिशेब

जीएसटी कायद्यानुसार बिलं आणि हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२४-२५ ची बिलं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. तोवर तुमचा फोन दोनदा तरी बदललेला असेल. म्हणून व्हॉट्सॲपवर बिल मागवा, आम्हाला पाठवा, पण ठेवायची जागा वेगळी असू द्या: दुकानाच्या कॉम्प्युटरवर किंवा गूगल ड्राइव्हवर महिन्याच्या नावाचा एक फोल्डर. पुरवठादाराकडून आलेलं बिल त्याच दिवशी उघडा आणि तिथे टाका.

एक गोष्ट आजच तपासा. आमच्या चॅटमध्ये वर नावावर बोट ठेवलं की खाली मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय दिसते. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावता येते. काहींनी फोन भरतो म्हणून सगळ्याच नव्या चॅटना ती लावून ठेवली आहे. मित्रांच्या गप्पांना खुशाल लावा. आमच्या, पुरवठादारांच्या आणि बँकेच्या चॅटला ती बंदच पाहिजे.

फोटो म्हणून पाठवू नका

साधा फोटो पाठवला की ॲप त्याचा आकार कमी करतं. थर्मल कागदावरचं फिकट बिल असेल तर १५ अंकी जीएसटी नंबरातला ८ की बी हे मग भिंग लावूनही कळत नाही. तीच गोष्ट पेपरक्लिपच्या चिन्हातून डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी येते. बिल अनेक पानांचं असेल तर अँड्रॉइड फोनवर गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनने सगळ्या पानांची एक पीडीएफ करा.

आणि पाठवायच्या आधी फाईलला नाव द्या. ‘खरेदी जून २०२५ सिमेंट’ एवढं पुरे. यात अर्धा मिनिट जातो. पण डॉक्युमेंटचं नाव व्हॉट्सॲपच्या शोधात सापडतं, फोटोला मात्र नावच नसतं. दोन वर्षांनी तुम्ही ‘सिमेंट’ टाइप कराल आणि बिल समोर येईल.

आमचं चॅट वर, बाकीचं बाजूला

व्हॉट्सॲपवर तीन चॅट सगळ्यात वर टाचून ठेवता येतात. अँड्रॉइडवर चॅट दाबून धरा, वर टाचणीचं चिन्ह येतं. आयफोनवर चॅट उजवीकडे सरकवा. त्या तीनांत एक जागा आम्हाला द्या, निदान ५ ते २० तारखेपर्यंत. दहावीची बॅच, भिशी, सुविचार, गल्लीतलं गणेश मंडळ हे ग्रुप आर्काइव्ह करा. आर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे, ग्रुप सोडणंही नव्हे. कुणाला कळत नाही, कुणी दुखावत नाही. नवा मेसेज आला तरी तो ग्रुप परत वर येऊन बसत नाही. हवं तेव्हा उघडून वाचा.

ज्यांचे पुरवठादार बरेच आहेत त्यांना यादी जास्त सोयीची. चॅटच्या वरच्या पट्टीत अधिकच्या (+) चिन्हावर बोट ठेवलं की आपली यादी करता येते. ‘दुकान’ नावाची यादी करा आणि त्यात पुरवठादार, ट्रान्सपोर्टवाले, बँक आणि आम्ही एवढेच ठेवा. सकाळी दुकान उघडलं की तेवढी यादी पाहायची, घरचं सगळं घरी गेल्यावर. आमच्या एका साडीवाल्या ताईंनी हे केल्यापासून त्यांची बिलं ३ तारखेलाच येतात.

‘हो, ते दिलंय’

१४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतं. त्यात तुमच्या पुरवठादारांनी दाखवलेली बिलं असतात आणि आम्ही ती तुमच्या बिलांशी लावून बघतो. मग आमच्याकडून मेसेज जातो, ‘हे बिल दिसत नाही, पुरवठादाराला विचारा’. अशा तीन-चार बिलांचे मेसेज गेले की एकच उत्तर येतं: ‘हो, ते दिलंय.’ कुठलं ते? मग फोन, मग तुम्ही गिऱ्हाईकात, मग दुसरा दिवस. कृपा करून त्या मेसेजवर बोट ठेवून तो उजवीकडे सरकवा आणि मग उत्तर लिहा. उत्तराच्या डोक्यावर मूळ मेसेज दिसतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. २० तारखेला जीएसटीआर-३बी हे महिन्याच्या कराचं विवरणपत्र आणि कर भरायचा असतो, त्यामुळे मधले सहा दिवस फार मोलाचे आहेत. तिमाही भरणाऱ्यांच्या तारखा जीएसटीआर-१ साठी १३ आणि ३बी साठी २२.

आमच्याकडेही शिस्त आहे. ऑफिसच्या फोनवर प्रत्येक ग्राहकाच्या चॅटला लेबल असतं: ‘बिलं बाकी’, ‘बिलं आली’, ‘चलन पाठवलं’, ‘भरून झालं’. ‘बिलं आली’ हे लेबल लागायला तुमचा शेवटचा मेसेज हवा: ‘जूनची सगळी झाली’. हे तीन शब्द न आल्यामुळे आम्ही वाट बघत बसतो. दुसरं म्हणजे सगळं ऑफिसच्याच नंबरवर पाठवा. आमच्यापैकी कुणाच्या घरच्या नंबरवर आलेलं बिल लेबलात येत नाही आणि मागे पडतं. आम्ही पाठवलेलं चलन आणि पोचपावती यांना स्टार करून ठेवा; बँकेला कर्जासाठी तीच लागतात.

काउंटरवरचा फोन

व्हॉट्सॲपवरचं बोलणं २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतं, वाटेत कुणी वाचू शकत नाही. पण तुमचा फोन काउंटरवर असतो आणि तो दुकानातला मुलगा, शेजारी, कुणीही उचलतो. अशा फोनवर आमचं चॅट वर टाचू नका, चॅट लॉक लावा. ते मुख्य यादीतून निघून वेगळ्या फोल्डरमध्ये जातं आणि बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पासकोडनेच उघडतं. झेरॉक्सच्या दुकानात बिलं छापायला व्हॉट्सॲप उघडलंत तर निघताना लॉगआउट करा. विसरलात तर आपल्या फोनच्या लिंक केलेल्या उपकरणांत जाऊन ते काढून टाका.

पासवर्ड चॅटमध्ये लिहू नका. ओटीपी लागेल तेव्हा आम्ही ऑफिसच्या नंबरवरून फोन करू आणि कुठलं विवरणपत्र भरतोय ते आधी सांगू. आमच्या नावाने दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला, किंवा कुठल्याही नंबरवरून ‘चलन’, ‘नोटीस’ अशा नावाची एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल आली, तर उघडू नका, आधी आम्हाला फोन करा. आम्ही नेहमी पीडीएफच पाठवतो.

यातलं काही जमत नसेल तर फोन घेऊन दुपारी ३ ते ५ मध्ये ऑफिसला या, शेजारी बसून लावून देऊ. त्याचे पैसे नाहीत. फक्त १०, ११, १९ आणि २० या तारखा सोडून या.