सिंगल्स चार्ट, ब्रिटनमधील

सुट्या गाण्यांची, म्हणजे सिंगल्सची, आठवड्याच्या खपावरून व ऐकण्यावरून ठरवलेली क्रमवारी. ती सध्या ऑफिशियल चार्ट्स कंपनी तयार करते. ध्वनिमुद्रण उद्योगाची बीपीआय आणि विक्रेत्यांची ईआरए या दोन संघटनांचा हा संयुक्त उपक्रम आहे. चार्टचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार असा धरला जातो.

उगम : चार्टचा आरंभ सामान्यतः 14 नोव्हेंबर 1952 पासून मानतात. त्यापूर्वी गाण्याची लोकप्रियता मुख्यतः छापील स्वरलिपीच्या खपावरून ठरत असे आणि त्यामुळे गायकापेक्षा रचनेला महत्त्व मिळे. त्या दिवशीच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ (एनएमई) या साप्ताहिकाच्या अंकात ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवर आधारलेली पहिली यादी आली. साप्ताहिकातील पर्सी डिकिन्स यांनी सुमारे 20 दुकानांना दूरध्वनी करून कोणत्या तबकड्या जास्त खपल्या हे विचारले आणि मिळालेल्या उत्तरांची बेरीज करून क्रम लावला. यादी बारा गाण्यांची म्हणून छापली होती, पण काही स्थाने विभागून गेल्याने तीत 15 गाणी होती. अग्रस्थानी अल मार्टिनो यांचे ‘हिअर इन माय हार्ट’ होते आणि ते नऊ आठवडे तेथेच राहिले.

पुढील सतरा वर्षांच्या चार्टबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. 1955 मध्ये ‘रेकॉर्ड मिरर’ने, 1956 मध्ये ‘मेलडी मेकर’ने, 1958 मध्ये ‘डिस्क’ने आणि मार्च 1960 मध्ये ‘रेकॉर्ड रिटेलर’ या व्यापारी साप्ताहिकाने आपापले चार्ट सुरू केले. प्रत्येकाची दुकाने वेगळी, दुकानांची संख्या वेगळी आणि आठवडा संपण्याचा दिवसही वेगळा होता. दुकानदार बहुधा खपाचा आकडा न कळवता केवळ क्रम कळवत, त्यामुळे गजबजलेल्या मोठ्या दुकानातील आणि गावातल्या लहान दुकानातील पहिला क्रमांक जवळजवळ सारख्याच वजनाचा ठरे. बीबीसीने यांपैकी एकच यादी न स्वीकारता अनेक याद्यांची सरासरी काढून स्वतःचा क्रम लावण्याची पद्धत ठेवली होती.

आज अधिकृत समजल्या जाणाऱ्या इतिहासात मार्च 1960 पर्यंत एनएमई आणि त्यानंतर 1969 पर्यंत रेकॉर्ड रिटेलर यांच्या याद्या धरल्या जातात. ही निवड पुढे संदर्भग्रंथांच्या संकलकांनी केली; त्या काळच्या श्रोत्यांना ती ठाऊक असणे शक्य नव्हते. तिचे परिणाम लहान नाहीत. 1963 मध्ये बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’ एनएमई, मेलडी मेकर आणि डिस्क या तिन्ही याद्यांत पहिले होते, परंतु रेकॉर्ड रिटेलरमध्ये ते दुसऱ्या स्थानापुढे गेले नाही. म्हणून अधिकृत नोंदींत ते अग्रस्थानी पोहोचलेले नाही आणि 2000 मध्ये निघालेल्या बीटल्सच्या अग्रक्रमी गाण्यांच्या संकलनातही त्याला जागा मिळाली नाही. रेकॉर्ड रिटेलरची यादी पन्नास गाण्यांपर्यंत जात असल्याने ती संदर्भासाठी सोयीची आहे, हे मान्य करावे लागते. मात्र आरंभीच्या वर्षांत तिचा नमुना, म्हणजे विचारलेल्या दुकानांची संख्या, एनएमईपेक्षा बराच लहान असल्याचे दिसते, आणि साठच्या दशकापुरता एनएमईचा क्रम प्रत्यक्ष खपाला अधिक जवळचा असावा, हे मत जास्त ग्राह्य वाटते.

एकच चार्ट : फेब्रुवारी 1969 पासून रेकॉर्ड रिटेलर आणि बीबीसी यांच्यासाठी ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्युरो (बीएमआरबी) ही संस्था चार्ट बनवू लागली. सुमारे 300 निवडक दुकानांत विक्रेते विकलेल्या प्रत्येक सिंगलचा क्रमांक वहीत हाताने लिहीत. आठवडाअखेरीस त्या वह्या टपालाने जात, नोंदी संगणकासाठीच्या छिद्रपत्रांवर (पंच कार्डांवर) चढवल्या जात आणि मंगळवारी निकाल बीबीसीकडे येई. सगळी भिस्त टपालावर असल्याने 1971 च्या टपाल संपात हे काम कोलमडले. निवडलेली दुकाने कोणती, हे कळले की तेथे माणसे पाठवून खप फुगवता येई. ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने 1980 मध्ये असे प्रकार उघडकीस आणले. 1983 पासून गॅलप संस्थेने दुकानांत यंत्रांवर नोंद घेण्यास सुरुवात केली आणि 1994 मध्ये काम मिलवर्ड ब्राउन संस्थेकडे गेले.

नमुन्याबाहेरच्या दुकानांतील विक्री चार्टला दिसत नसे. साउथॉल किंवा लेस्टर येथील आशियाई दुकानांतून खपणाऱ्या भांगड्याच्या व हिंदी चित्रपटगीतांच्या कॅसेट बहुतांशी अशाच नोंदीबाहेर राहिल्या. ही विक्री प्रामुख्याने अल्बमची असल्याने सिंगल्सच्या क्रमवारीवर तिचा नेमका किती परिणाम झाला असता, हे ठरवणे अवघड आहे. आशा भोसले यांना वंदन करणारे कॉर्नरशॉप या गटाचे गाणे 1998 मध्ये अग्रस्थानी पोहोचले, ते मुख्य प्रवाहातील विक्रीच्या बळावर.

डाउनलोड : एप्रिल 2005 पासून डाउनलोड मोजले जाऊ लागले, अट एवढीच की गाणे तबकडीच्या रूपातही विक्रीस असावे. 2006 मध्ये ही अट सैल झाली आणि त्या एप्रिलमध्ये नार्ल्स बार्कली यांचे ‘क्रेझी’ केवळ डाउनलोडवर पहिले आले. 1 जानेवारी 2007 पासून अट पूर्णपणे गेली आणि कोणतेही गाणे, कितीही जुने असले तरी, चार्टमध्ये येण्यास पात्र झाले.

स्ट्रीमिंग : जुलै 2014 मध्ये ऐकण्याची मोजणी सुरू झाली. किमान 30 सेकंद ऐकलेले गाणे धरायचे, एका श्रोत्याचे एका गाण्याचे दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा ऐकणे मोजायचे नाही, आणि 100 वेळा ऐकणे म्हणजे एक विक्री, असा नियम ठरला. विक्री एकदाच होते, ऐकणे मात्र आठवडेच्या आठवडे चालू राहते. त्यामुळे गाणी चार्टमधून हलेनाशी झाली आणि जानेवारी 2017 मध्ये प्रमाण 150 करण्यात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये एड शीरन यांच्या अल्बममधील सर्व 16 गाणी पहिल्या विसांत आली. जुलैमध्ये एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी चार्टमध्ये घेण्याचा नियम झाला आणि जुन्या गाण्यांसाठी घटवलेले प्रमाण, म्हणजे एका विक्रीसाठी दुप्पट ऐकणे लागेल असे प्रमाण, लागू झाले. किमान नऊ आठवडे झालेले आणि सलग तीन आठवडे उतरणीला लागलेले गाणे या प्रमाणात जाते.

जुलै 2018 पासून चित्रफितीही मोजल्या जातात आणि पैसे भरणारे व फुकट ऐकणारे श्रोते वेगळे धरले जातात. एका विक्रीसाठी पैसे भरणाऱ्यांचे 100 किंवा फुकट ऐकणाऱ्यांचे 600 वेळा ऐकणे लागते. घटवलेल्या प्रमाणात हेच आकडे 200 आणि 1,200 होतात. समजा, एखादे गाणे वर्गणीदारांनी 6 लाख वेळा आणि इतरांनी 12 लाख वेळा ऐकले, तर त्याच्या खात्यावर 6,000 अधिक 2,000, म्हणजे 8,000 विक्री पडेल. तेच गाणे उतरणीच्या नियमात सापडले, तर एकही श्रोता कमी न होता ती 4,000 वर येईल. नव्या गाण्यांना वाट मिळावी हा हेतू रास्त आहे, परंतु अशा आठवड्यात चार्ट लोकांनी काय ऐकले याचा सरळ हिशेब राहत नाही, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

जुने गाणे खरोखरच पुन्हा उसळले, तर त्याला पूर्ण प्रमाण परत देता येते. केट बुश यांचे 1985 चे ‘रनिंग अप दॅट हिल’ 2022 मध्ये एका मालिकेमुळे पुन्हा ऐकले जाऊ लागले, तेव्हा ते आरंभी घटवलेल्या प्रमाणात मोजले जात होते. कंपनीने त्याला सूट दिल्यावर जूनमध्ये ते अग्रस्थानी आले.