दिवस गेलेत? दवाखान्यासाठी तीन महिने थांबू नका

पाळी चुकते, घरी आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि घरातली मोठी माणसं सांगतात, "तीन महिने भरू दे, मग बघू दवाखान्याचं." शेजारीपाजारी, नातेवाईक यांना बातमी उशिरा द्यायची ही रीत खुशाल पाळा. पण दवाखान्याला तिच्यात धरू नका. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर तुमची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती नीट मिटावी म्हणून घ्यायची फोलिक अॅसिडची गोळी चौथ्या महिन्यात सुरू केली, तर त्या कामापुरता तिचा उपयोग राहत नाही. म्हणून बाळाचा विचार सुरू केला की त्याच दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. घेतली नसेल, तर आज सुरू करा. फिट, मधुमेह किंवा सिकलसेल (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) असणाऱ्यांना जास्त ताकदीची गोळी लागू शकते. ती आम्ही आमच्या दवाखान्यात ठरवून देऊ.

पहिली भेट

पाळी चुकल्यावर एक-दोन आठवड्यांत या. पहिल्या भेटीत तपासण्यापेक्षा बोलणंच जास्त होतं. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस आम्हाला हवा असतो. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. पाळी १० जूनला आली असेल, तर १७ मार्च. पाळी दर महिन्याला उशिरा येत असेल तर तेही सांगा, कारण मग हा हिशेब पुढे सरकतो.

आधीची बाळंतपणं, सिझर, गर्भपात, थायरॉईड, बीपी, टीबी हे सगळं विचारलं जाईल. फिटच्या किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील, तर "बाळाला लागतील" या भीतीने स्वतःहून बंद करू नका. पाकीट घेऊन या, बदलायची असेल तर आम्ही बदलून देऊ. खर्रा, नस, गुडाखू अशा तंबाखूच्या सवयींबद्दलही आम्ही विचारतो. काही प्रश्न फक्त तुम्हालाच विचारायचे असतात. त्या वेळी सोबतच्या माणसांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, तर त्यांनी राग मानू नये.

सोनोग्राफी सहसा सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान करतो (आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे). एवढ्या लवकर पोटावरून नीट दिसत नाही, म्हणून बऱ्याचदा आतून करावी लागते. त्याने गर्भाला इजा होत नाही. गर्भ पिशवीतच आहे ना, एक आहे की जुळं आणि ठोके आले का, हे त्यात कळतं. पाचव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत म्हणून रडत घरी जाऊ नका. पुष्कळदा तारखेचाच फरक असतो, आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघतो. सोनोग्राफीआधी एका फॉर्मवर तुमची सही लागते. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्याकडे कुणीही, कुठल्याही ओळखीने, हा प्रश्न काढू नये.

रक्ताच्या तपासण्या, आणि नवऱ्याचं रक्त

हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी, गुप्तरोगाची तपासणी, थायरॉईड, लघवी आणि साखर या तपासण्या पहिल्या फेरीत होतात. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आली तर आहारापासून उपचार सुरू होतात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते कमी समजावं, "बायकांचं कमीच असतं" म्हणून सोडून देऊ नये. रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर २८व्या आठवड्यात आणि गरज असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन (आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध लढू नये म्हणून) लागतं. मध्येच रक्तस्राव झाला तर तेव्हाही लागू शकतं.

आपल्या विदर्भात सिकलसेलची तपासणी टाळून चालत नाही. एएस पॅटर्नच्या, म्हणजे हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच मिळालेल्या माणसाला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे लग्न होऊन दिवस जाईपर्यंत त्याला पत्ताही नसतो. पण नवरा-बायको दोघेही एएस निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. एसएस म्हणजे अंगदुखीचे झटके, वारंवार रक्त चढवणं, आयुष्यभराचं दुखणं. बाळाचा पॅटर्न पोटात असतानाच कळू शकतो. त्यासाठी ११व्या आठवड्यानंतर वारेचा बारीकसा नमुना मोठ्या केंद्रात घेतात. आता दिवस मोजा. तुमचा रिपोर्ट, मग नवऱ्याचा रिपोर्ट, मग मोठ्या दवाखान्याची तारीख, मग घरात बसून घ्यायचा निर्णय. तीन महिने भरल्यावर आलात तर यातल्या कशालाच नीट वेळ उरत नाही. "माझं रक्त कशाला?" असं विचारणाऱ्या प्रत्येक नवऱ्याला आम्ही हे समोर बसवून समजावतो.

एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जागा मोजणारी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) हेसुद्धा ११ ते १४ आठवड्यांच्या मधल्या थोड्या दिवसांतच होतात. त्यांतून बाळात दोष असण्याची शक्यता किती, एवढंच कळतं. रिपोर्टवर "हाय रिस्क" आलं म्हणजे बाळात दोष आहेच असं नाही, पुढची तपासणी लागते.

ओकाऱ्या, खाणं, गोळ्या

ओकाऱ्या साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होतात आणि चौथ्या महिन्यात बहुतेक जणींच्या कमी होतात. उठल्याबरोबर चहा नको, आधी कोरडं काहीतरी खा: मुरमुरे, भाकरीचा तुकडा. दोन जिवांचं म्हणून दुप्पट जेवायची गरज नाही. वरण, पालेभाजी, अंडं, दूध पोटात जाऊ द्या. कच्ची पपई टाळा. पिकलेल्या पपईने गर्भ पडत नाही. लोहाची गोळी आम्ही चौथ्या महिन्यापासून देतो, कारण आधी दिली तर मळमळ वाढते. ती रोज एक अशी किमान १८० दिवस घ्यायची, चहासोबत नाही आणि कॅल्शियमसोबतही नाही. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं चार आठवड्यांच्या अंतराने होतात.

रक्त दिसलं तर

थोडा डाग लागणं बऱ्याच जणींना होतं आणि गर्भ टिकतो. तरी त्याच दिवशी दाखवा. एका बाजूला जोरात दुखणं, खांद्यात कळ, चक्कर येऊन पडणं, पॅड भरून रक्त जाणं, पाणीसुद्धा न टिकणं किंवा ताप: यांपैकी काहीही असेल तर रात्र असली तरी निघा. १०२ किंवा १०८ला फोन करा. गर्भ पिशवीऐवजी बाजूच्या बीजनळीत राहिला असेल आणि ती फुटली, तर काही तासांत जीव जाऊ शकतो.

समजलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात १० ते १५ पहिल्या काही महिन्यांतच संपतात. त्यांतल्या बहुतेकांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बादली उचलल्याने, गाडीवर बसल्याने किंवा ग्रहणात भाजी चिरल्याने ते होत नाही. दिवसरात्र झोपून राहिल्याने टळत असल्याचा पुरावाही नाही. घरच्यांना कळकळीची विनंती आहे, अशा वेळी सुनेला "काय केलंस?" असं विचारू नका.

खर्चाचं

प्रत्येक तपासणीचा दर आम्ही आधी लिहून देतो. यातल्या मूळ तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. ती करून रिपोर्ट आमच्याकडे आणलात तरी चालेल, तेच रक्त आम्ही पुन्हा काढायला लावणार नाही. आशाताईंकडे नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड मात्र जरूर काढा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. त्यासाठीही नोंदणी वेळेत लागते.

पहिल्या भेटीला आधार कार्ड, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. उपाशी येऊ नका, दोन-तीन तास मोकळे ठेवा. आणि नवऱ्याला सोबत घेऊन या, दोघांचं रक्त एकाच दिवशी घेता येईल.