सीमाभागातली दफ्तरे: कागद कोणाचे, खर्च कोणाचा

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठीची तरतूद साडेतीन कोटींवरून एकदम ६० कोटींवर गेली. 'ज्ञान भारतम्' या नावाखाली एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी आणि नोंद करायचे जाहीर झाले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ज्यांच्या माळ्यावर अजून एखादे दफ्तर शिल्लक आहे, त्यांनी हुरळून जाण्याआधी एक जुनी व्याख्या वाचून घ्यावी. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाने हस्तलिखित कशाला म्हणायचे हे ठरवून टाकले होते. ते हाताने लिहिलेले हवे, किमान ७५ वर्षे जुने हवे आणि त्यात ज्ञानविषयक आशय हवा. फर्माने, महसुली कागद यांच्यासारख्या ऐतिहासिक नोंदी म्हणजे हस्तलिखिते नव्हेत, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. एकाच पेटीत ज्ञानेश्वरीची पोथी आणि इनामाची, म्हणजे सरकारने बक्षीस दिलेल्या जमिनीची, सनद असली, तर पोथी अनुदानाला पात्र आणि सनद अपात्र.

सीमाभागात पोथ्या नाहीत असे नाही. पण इथला खरा साठा सनदांचा, महजरांचा (पंचांसमोरच्या निवाडापत्रांचा), कैफियतींचा (गाव-घराण्यांच्या लेखी हकिकतींचा) आणि ताळेबंदांचा. देसाई, नाडगौडा, देशपांडे, कुलकर्णी, पाटील या वतनदार घरांतून तो पिढ्यान्‌पिढ्या साचला. आदिलशाहीतले काही कागद फारसीत, पुढचे बहुतेक मराठीत आणि मोडीत. १८१८ नंतरची सुरुवातीची वर्षे कंपनी सरकारच्या इथल्या कचेऱ्यांतही मराठीच चालली. त्यामुळे बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या, घरात पूर्वापार कानडी बोलणाऱ्या देसायांचे दफ्तरही मोडी मराठीत असते. या कागदांचा भाषेवरून वाटा पाडायला गेले की पंचाईत होते ती इथेच. घर कानडी, कागद मराठी, आणि हक्क आदिलशहाने दिलेला.

हे कागद इतकी वर्षे टिकले ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कागद गेला की जमीन गेली, एवढे साधे ते गणित होते. त्याची सगळ्यात कठोर परीक्षा झाली इनाम कमिशनच्या वेळी. इनामे तपासण्याचे काम मुंबई इलाख्यात सुरू झाले तेच मुळी १८४३ साली दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे धारवाड-बेळगावच्या याच पट्ट्यात. १८५२ च्या ११ व्या कायद्याने त्या चौकशीला कायद्याचे बळ मिळाले. इनामदाराने आपला हक्क कागदाने सिद्ध करायचा, आणि कागद नसेल किंवा अधिकाऱ्याला पटला नाही तर इनाम खालसा. हजारो इनामे अशी गेली. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी १८५८ मध्ये बंड केले, त्यामागे दत्तक नामंजूर झाल्याचे दुःख होते. पण आसपासच्या संस्थानिक-इनामदारांत जी धग होती तिला या कमिशनने भरपूर सरपण पुरवले होते.

अभिलेखांच्या दृष्टीने याचे दोन परिणाम झाले. लोकांनी आपापली दफ्तरे उकरून काढली, नकला करवून घेतल्या, रुमाल, म्हणजे कापडात गुंडाळलेले कागदांचे गठ्ठे, नीट बांधून ठेवले. आणि तपासणीचे कागद सरकारजमा होऊन पुण्याला पेशवे दफ्तराच्या शेजारी जाऊन बसले. बेळगाव जिल्ह्यातल्या गावाचा अठराव्या शतकातला इतिहास शोधणाऱ्याला आजही पुण्याची वाट धरावी लागते, याचे मूळ त्यात आहे. कागदपत्रे जपण्यावर या मुलखात सरकारी खजिन्यातून झालेला हा पहिला मोठा खर्च, आणि तो झाला जमिनी काढून घेण्यासाठी. ज्या घरांनी तेव्हा कागद दाखवले आणि इनाम गमावले, तिथे आजही 'सरकारला कागद दाखवू नये' हा सल्ला ऐकू येतो. त्याला अडाणीपणा म्हणणे मला तरी जमत नाही.

कागदांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, आणि तीही सरकारी मदतीविना. बेळगावच्या शेजारी मिरजेत वासुदेवशास्त्री खरे नावाच्या शाळामास्तरांनी १८९७ पासून तिथल्या पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातले कागद 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापायला घेतले, आणि १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम सोडले नाही. पटवर्धनांची संस्थाने बेळगाव जिल्ह्यात अशी विखुरलेली होती की आज बेळगाव शहराचाच भाग असलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. खऱ्यांच्या खंडांत म्हणूनच बेळगावच्या आसपासची कितीतरी गावे भेटतात. इतिहासकार वि. का. राजवाडे त्याच काळात गावोगाव फिरून रुमाल गोळा करत होते. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. वर्गणी, एखाद्या सरदाराची देणगी, छापखान्याची उधारी यांवरच हे सगळे चालले.

सरकारची मदत इथवर पोचायला मात्र वेळ लागला. १८९१ मध्ये कलकत्त्याला इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट निघाले, १९१९ मध्ये भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोग आला. पण पेशवे दफ्तराची दारे संशोधकांना जवळजवळ बंदच होती. १९३० मध्ये मुंबई सरकारने पैसे घातले तेव्हा गोविंद सखाराम सरदेसाईंच्या देखरेखीखाली निवडक कागदांचे ४५ खंड चार वर्षांत बाहेर पडले. खरे-राजवाड्यांनी जे पदरमोड करून केले, ते खजिन्याने मनावर घेतल्यावर किती झपाट्याने होऊ शकते हे त्यातून दिसले. त्याच मुंबई सरकारने १९३९ मध्ये धारवाडला कन्नड संशोधन संस्था काढली. एकाच इलाख्याच्या तिजोरीतून पुण्यात मराठी कागद छापले जात होते आणि धारवाडला कानडी अभ्यास उभा राहत होता.

मग १९५० साली मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला. सामाजिक न्यायाच्या बाजूने पाहिले तर तो योग्यच होता, त्याबद्दल आज तक्रार नाही. पण त्या कायद्याने एका फटक्यात हजारो दफ्तरांचे कायदेशीर मोल शून्यावर आणले. ज्या कागदासाठी आजोबांनी धारवाडच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तो नातवाला नुसती अडगळ वाटू लागला. मोडी शाळेतून गेली होतीच. वाचता येत नाही, उपयोग नाही, कसर लागते. रद्दीवाल्याला आणि बंबाला हे कागद मिळाले ते तेव्हापासून. ज्यांनी टिकवले त्यांनी हळद-कुंकू वाहून देवघराशेजारी ठेवले म्हणून टिकले.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव (चंदगड तालुका वगळून), विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतरच्या सीमावादाचा, १९६७ च्या महाजन अहवालाचा आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. कागदांचे काय झाले याची चर्चा मात्र फारशी होत नाही. जिल्हा आणि तालुका कचेऱ्यांतले महसुली दफ्तर जिल्ह्याबरोबर गेले. मुंबई सचिवालयाचे कागद मुंबईतच राहिले, इनामांचे पुण्यात. रायबागसारखा जो मुलूख कोल्हापूर संस्थानात होता, त्याच्या दरबारी नोंदींसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराचे दार ठोठवावे लागते. १९५६ नंतरचे राज्य पातळीवरचे सगळे बंगळुरूला. एका गावाचा दोनशे वर्षांचा माग काढायचा तर दोन राज्यांतली चार-पाच कार्यालये आणि तीन लिप्या.

अनुदानाची गुंतागुंतही इथूनच सुरू होते. राज्यघटनेत संसदेने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले अभिलेख केंद्राच्या सूचीत आहेत, बाकीचे सगळे राज्यांच्या. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र आणि केंद्रशासित प्रदेशांपुरता. महाराष्ट्राने आपला कायदा २००५ मध्ये केला, कर्नाटकाने २०१० मध्ये. दोन्ही कायद्यांचा भर सरकारी कागदांवर. वतनदाराच्या घरातला खासगी रुमाल वाचवण्याची सक्ती कोणावरच नाही. महाराष्ट्राने सीमाभागातल्या कागदांवर खर्च करायचे म्हटले की त्याला लगेच दाव्याचा रंग चढतो. आणि कर्नाटकाच्या यादीत मोडी मराठी कागद वर कधी यावेत, हे सांगायला ज्योतिषी लागेल.

वाचनालयांचे उदाहरण घ्या. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे, म्हणजे महाराष्ट्रातल्या कितीतरी नामांकित वाचनालयांच्या आधीचे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन दरसाल अनुदान द्यायची रीत घातली. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्याची चाल निराळी. मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवायचा आणि त्यातून सरकारनेच जिल्हा आणि शहर ग्रंथालये चालवायची. त्या पद्धतीतही गैर काही नाही, गावोगाव वाचनालये तिने पोचवली. पण शंभर-सव्वाशे वर्षे वर्गणीवर चाललेल्या मराठी वाचनालयांना, जी कपाटे पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजात नियमित अनुदानाने राखली जातात, ती इथे सभासदांच्या वर्गणीवर आणि एखाद्या व्यापाऱ्याच्या देणगीवर राखावी लागतात. जुन्या अंकांच्या फायली बांधून घ्यायचा खर्च त्या वर्गणीत कसा बसणार?

केंद्राकडे मार्ग आहेत. राष्ट्रीय अभिलेखागार हस्तलिखिते आणि दुर्मीळ ग्रंथांच्या जतनासाठी अर्थसाहाय्य देते. राज्यांच्या अभिलेखागारांसाठी वेगळी योजना आहे. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून वाचनालयांना मदत करते. परदेशातून ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातील अभिलेखांचा कार्यक्रम २००४ पासून चालतो. मूळ कागद देशाबाहेर न्यायचे नाहीत, प्रतिमा मात्र सर्वांना खुल्या ठेवायच्या, ही त्याची अट मला रास्त वाटते. अडते ते दुसरीकडे. यातले बहुतेक पैसे नोंदणीकृत संस्थांसाठी असतात, लेखापरीक्षित हिशेब मागतात, आणि परदेशी पैसा घ्यायचा तर परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात पंधरा रुमाल असतील, तर त्यांच्यासाठी हे सव्यापसव्य कोण करणार? मधे एखादे वाचनालय, महाविद्यालय किंवा मंडळ उभे राहिले तरच ते जमते. कागद घरातच राहू देऊन फक्त प्रतिमा घ्यायच्या, असे लेखी दिले तर घरे तयार होतात, असा माझा समज आहे. देणगीपत्रावर सही मागितली की चहा येतो, कागद येत नाहीत.

पैसा नाहीच असेही नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली आणि काही महिन्यांत तहसिलींच्या रेकॉर्ड रूम उघडल्या, मोडी वाचकांचा शोध सुरू झाला, पाने स्कॅन झाली. जातीच्या दाखल्याचा हक्क कागदाला चिकटला, आणि जे काम वर्षानुवर्षे अडले होते ते हलले. कर्नाटकात भू-सुरक्षा प्रकल्पातून २०२४ पासून तहसील कचेऱ्यांतले जुने जमीन-दस्तऐवज स्कॅन होत आहेत, तेही जमिनीच्या हक्कासाठीच. ही चांगली गोष्ट आहे, पण अपुरी. स्कॅन म्हणजे फोटो. मोडीतल्या पानावर कोणत्या गावाची, कोणत्या सालची, कसली नोंद आहे हे सूचीत लिहायला वाचणारा माणूस लागतो. सीमाभागात अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांच्या मानधनाची ओळ अंदाजपत्रकात क्वचितच दिसते. यंत्र घ्यायला पैसे मंजूर होतात, वाचकाला नाही.

हवापाण्याचाही विचार हवा. खानापूरकडचा पाऊस आणि दमट माळे हे वाळवीचे आणि बुरशीचे माहेर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेला पूर आला तेव्हा रामदुर्ग, गोकाक, चिकोडीकडची घरेच्या घरे पाण्यात होती. ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी लागते, आणि अनुदानाच्या अर्जाला वर्ष लागते. पुरात घर, पीक, जनावर यांचा पंचनामा होतो, भिजलेल्या दफ्तराचा होत नाही. प्रत्येक तालुक्यात टीपकागद, पंखे आणि दोन शिकवलेली माणसे एवढी तयारी ठेवायला फार पैसा लागत नाही. पण आपल्याकडच्या योजना बहुधा नुकसान होऊन गेल्यावरच्या जतनासाठी असतात.

आणि पहिला हात कशाला घालायचा? बहुतेकांना वाटते सर्वात जुन्या सनदेला. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांपासून बनलेला, शाई काजळीची. वाळवी आणि पाण्यापासून वाचवला तर तो आणखी दोनशे वर्षे टिकतो. खरे संकट लाकडाच्या लगद्याच्या कागदावर आहे, त्यातल्या आम्लामुळे तो आपोआप पिवळा पडून तुटतो. १९१९ मध्ये बाबूराव ठाकूरांनी बेळगावात सुरू केलेल्या 'तरुण भारत'चे सुरुवातीचे अंक, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची पत्रके, १९४६ च्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला त्या दिवसांची छापील सामग्री, सहकारी पतपेढ्यांची इतिवृत्ते, हे सगळे त्या कागदावर आहे. कोणा वाचनालयाने पुढच्या वर्षी अर्ज करायचा ठरवला, तर यादीत ही कपाटे सनदांच्या वर लिहावीत. ती वाचायला मोडी लागत नाही, त्यामुळे सूचीचे काम महाविद्यालयातली मुलेही करू शकतील.