बोलणी फिसकटली की ओळख पटली नाही? एसएसएच लॉगिनमधले दोन वेगळे बिघाड

हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही कंपनीच्या सपोर्ट डेस्कवर सोमवारी सकाळी एक तिकीट ठरलेलं असतं: ‘सर्व्हरला लॉगिन होत नाहीये, शुक्रवारपर्यंत चालत होतं.’ मधल्या दोन दिवसांत कुणाच्या तरी लॅपटॉपवर उबुंटूची नवी आवृत्ती चढलेली असते, नाहीतर सर्व्हर टीमने पॅचिंग उरकलेलं असतं. तिकिटाला पहिलं उत्तरही ठरलेलं: ‘नवी की बनवून पाठवा.’ (की म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल.) या उत्तरात बराच वेळ वाया जातो. ‘लॉगिन होत नाही’ या एकाच तक्रारीखाली दोन अगदी वेगळे बिघाड दडलेले असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची पद्धत. तिचं कनेक्शन टप्प्याटप्प्याने उभं राहतं. आधी दोन्ही बाजू आपापली आवृत्ती सांगतात. मग प्रत्येक जण आपल्याला येणाऱ्या अल्गोरिदमची यादी पुढे ठेवतो: की-एक्स्चेंज (दोघांत गुप्त चावी ठरवणं) कशाने करायचं, सर्व्हरने आपली ओळख कुठल्या होस्ट कीने (म्हणजे स्वतःच्या कीने) सिद्ध करायची, एन्क्रिप्शन कुठलं. क्लायंटच्या यादीत वरून खाली येताना सर्व्हरलाही जमणारा जो पहिला पर्याय सापडेल, तो साधारणपणे ठरतो. हे सगळं पार पडलं, सर्व्हरची होस्ट की तपासून झाली आणि एन्क्रिप्शन सुरू झालं, की त्यानंतरच क्लायंट युजरनेम पाठवतो आणि ‘हा मी, ही माझी की’ असं सांगतो.

पहिला बिघाड म्हणजे बोलणीच फिसकटणं. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये तो असा दिसतो: ‘अनेबल टू निगोशिएट’, पुढे आयपी पत्ता, आणि मग ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड. देअर ऑफर: एसएसएच-आरएसए, एसएसएच-डीएसएस’. पटी या विंडोजवरच्या एसएसएच प्रोग्राममध्ये ‘कुडन्ट अ‍ॅग्री’ने सुरू होणारी खिडकी येते. यात तुमच्या कीचा काहीही संबंध नसतो, कारण ती अजून कुणी मागितलेलीच नाही. पडताळून पाहायचं असेल तर सर्व्हरचा लॉग उघडा. त्या ओळीत क्लायंटचा आयपी आणि पोर्ट असतो, पण युजरनेम नसतं, कारण ते सर्व्हरपर्यंत पोहोचलेलंच नसतं. पटी वापरणाऱ्यांसाठी खूण आणखी सोपी आहे. ‘लॉगिन अ‍ॅज’ हा प्रश्न पडद्यावर आला असेल, तर बोलणी यशस्वी झाली आहेत.

दुसरा बिघाड म्हणजे ओळख न पटणं: ‘परमिशन डिनाइड’ आणि पुढे कंसात ‘पब्लिककी’. कंसातली यादी म्हणजे सर्व्हर ओळख पटवण्याच्या कुठल्या पद्धती अजून स्वीकारायला तयार आहे, एवढंच. ओळख का नाकारली हे सर्व्हर क्लायंटला मुद्दाम सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक अनोळखी माणसाला कारण सांगत बसला तर हल्लेखोराचंच काम सोपं होईल. खरं कारण सर्व्हरवर असतं. रेड हॅट लिनक्सच्या घराण्यात ते व्हार-लॉगमधल्या ‘सिक्युअर’ फाइलमध्ये मिळतं, उबुंटू-डेबियनवर ‘ऑथ डॉट लॉग’मध्ये. होम डिरेक्टरीवर सगळ्यांना लिहायची मुभा आहे, युजर ‘अलाऊयुजर्स’च्या यादीत नाही, खातं लॉक झालंय, अशी कारणं तिथे एका ओळीत लिहिलेली असतात. म्हणून या बिघाडात क्लायंटशी तासभर झटण्याआधी सर्व्हरवाल्यांना ती ओळ मागा.

इथवर सरळ आहे. खरा घोळ होतो तो पहिला बिघाड दुसऱ्याचा वेष घेऊन येतो तेव्हा.

२६ सप्टेंबर २०२१ ला ओपनएसएसएच ८.८ आलं आणि त्यात ‘एसएसएच-आरएसए’ ही सही (की आपल्याकडेच आहे हे सिद्ध करणारी डिजिटल खूण) डीफॉल्टने बंद झाली. ती शा-१ या हॅशवर (मजकुराचा छोटा ठसा काढणाऱ्या गणितावर) उभी आहे, आणि शा-१ वरचा एक घातक प्रकारचा हल्ला ५० हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात करता येतो, असं त्या आवृत्तीच्या टिपणातच म्हटलं होतं. पुष्कळांनी याचा अर्थ ‘आरएसए की बंद झाल्या’ असा घेतला. तसं नाही. एसएसएच-आरएसए हे कीच्या प्रकाराचंही नाव आहे आणि त्या कीने करायच्या जुन्या सहीचंही. बंद झाली ती फक्त सही. तीच आरएसए की शा-२ हे नवे हॅश वापरूनही सही करू शकते. त्याची पद्धत २०१८ च्या आरएफसी ८३३२ या मानक दस्तऐवजात ठरलेली आहे आणि ओपनएसएसएचला ती ७.२ पासून येते. की बदलायची गरज नाही, दोन्ही बाजूंना नवी सही यायला हवी.

आता चाकणच्या एखाद्या कारखान्यातलं जुनं मशीन डोळ्यांसमोर आणा. त्यावर सेंटओएस ६ ही जुनी लिनक्स प्रणाली आहे, कारण लाइनवरच्या यंत्राचं सॉफ्टवेअर त्याच्यापुढे चालत नाही. या सेंटओएसचा सपोर्ट नोव्हेंबर २०२० मध्ये संपला. त्यातलं ओपनएसएसएच ५.३ आहे, त्याला शा-२ ची सही माहीत नाही. पासवर्डने लॉगिन बंद ठेवलेलं आहे, ते योग्यच. इंजिनिअरच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ चढलं, म्हणजे ओपनएसएसएच ८.९ आलं. पहिल्या प्रयत्नात ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’ मिळतं. तो शोधाशोध करून ‘होस्टकीअल्गोरिदम्स’ या सेटिंगमध्ये अधिक चिन्ह देऊन एसएसएच-आरएसए जोडतो. बोलणी पार पडतात. आणि लगेच ‘परमिशन डिनाइड’.

इथे जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, की पहिला प्रश्न सुटला आणि आता की बिघडली. मग एखादा वरिष्ठ सल्ला देतो, ‘अरे, जुनी आरएसए कशाला ठेवतोस, एड२५५१९ बनव ना.’ इतरत्र सोन्यासारखा असलेला हा सल्ला इथे उलटा पडतो. एड२५५१९ हा कीचा नवा प्रकार ओपनएसएसएचमध्ये २०१४ साली ६.५ बरोबर आला, ५.३ ला तो ठाऊकच नाही. चालणारी की होती, ती काढून न चालणारी बसवली जाते.

खरं कारण क्लायंटच्याच लॉगमध्ये आहे. एसएसएचच्या आदेशात लहान व्ही (-v) द्या, तीनदा दिलात तर आणखी तपशील येतो. ‘न्यूकीज रिसीव्ह्ड’ ही ओळ दिसली म्हणजे पहिला टप्पा संपला. तिच्या खाली ‘नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम’ दिसलं, तर ओळख तपासलीच गेलेली नाही. सही कुठल्या पद्धतीने करायची यावरच अडलंय. होस्ट कीसाठी दिलेली सवलत युजरच्या कीला लागू होत नाही. तिच्यासाठी ‘पबकीअ‍ॅक्सेप्टेडअल्गोरिदम्स’मध्ये वेगळी नोंद करावी लागते. ८.५ च्या आधी याच सेटिंगच्या नावात शेवटी ‘कीटाइप्स’ होतं, त्यामुळे जुन्या टिपणांतून उचललेलं नाव वेगळं दिसलं तर दचकू नका.

उलट दिशेनेही हेच घडतं. सर्व्हर नवा आणि विंडोजवरची पटी जुनी, ०.७५ च्या आधीची. तिला शा-२ ची सही येत नाही. पडद्यावर ‘सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की’ येतं आणि माणूस की पुन्हा पुन्हा चिकटवत बसतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र ‘की टाइप एसएसएच-आरएसए नॉट इन पबकीअ‍ॅक्सेप्टेडअल्गोरिदम्स’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. इथे सर्व्हर सैल करू नका, पटी अपडेट करा. पेजंट (पटीसोबतचा, की सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल तर तोही त्याच वेळी बदला, कारण सही प्रत्यक्षात तोच करतो.

रेड हॅट ९ वर एक वाढीव अडचण आहे. तिथे शा-१ ची सही संपूर्ण सिस्टिमच्या क्रिप्टो पॉलिसीनेच अडवलेली असते. एसएसएचच्या फाइलमध्ये सवलत लिहूनही कनेक्शन तुटतं आणि ‘एरर इन लिबक्रिप्टो’ एवढंच हाती लागतं. पॉलिसीत शा-१ ची मुभा देता येते, पण ती त्या मशीनवरच्या इतर प्रोग्रामनाही मिळते. रोजच्या वापरातल्या मशीनवर मी ती देणार नाही. जुन्या मशीनपुरता एक वेगळा जंप होस्ट (ज्याच्यामार्गे पुढे जायचं असा मधला सर्व्हर) ठेवावा आणि सवलत तिथेच असावी.

सवलत कुठे लिहिली यावरून माणसाचं काम कळतं. कॉन्फिग फाइलमध्ये ‘होस्ट’च्या पुढे त्या एका मशीनचं नाव लिहा. तिथे तारा (*, म्हणजे ‘सगळी मशीन्स’) टाकली तर चाकणच्या एका जुन्या मशीनपायी तुमची सगळी कनेक्शन्स कमकुवत पर्याय स्वीकारायला लागतात, आणि वर्षभराने ती ओळ का आली होती हे कुणाला आठवत नाही.

जंप होस्टमधून जाताना आणखी एक चकवा असतो. एररमध्ये आयपीच्या जागी ‘अननोन पोर्ट ६५५३५’ येतं. हे पाहून नेटवर्क टीमला ‘सर, ६५५३५ पोर्ट ओपन करून द्या’ असं तिकीट जातं. तो पोर्ट खरा नसतो. मधल्या प्रॉक्सीमुळे क्लायंटला पलीकडचा पत्ता कळलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. बोलणी पलीकडच्या मशीनशीच फिसकटलेली असतात.

आणि कोथरूडच्या घरातून व्हीपीएनवर बसलेल्याचं कनेक्शन एरर न देता नुसतंच थांबलं, शेवटची ओळ ‘एक्स्पेक्टिंग’ने सुरू होऊन ‘रिप्लाय’वर संपत असेल, तर या दोन्ही बिघाडांपैकी काहीच नाही. बहुतेक वेळा मोठं पॅकेट व्हीपीएनच्या बोगद्यात मावत नसतं. ओपनएसएसएच ९.० पासून डीफॉल्ट झालेल्या क्वांटमरोधक की-एक्स्चेंजमध्ये क्लायंटची नुसती पब्लिक कीच हजार बाइटच्या वर जाते, त्यामुळे जुना क्लायंट चालतो आणि नवा अडकतो. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, कमी करून पाहा.

जावाचे जुने जॉब तपासायला विसरू नका. रात्री फाइल पाठवणारा एखादा जॉब जेएससीएच या जावाच्या एसएसएच लायब्ररीच्या ०.१.५५ आवृत्तीवर असेल, तर तिला शा-२ ची सही येत नाही. नव्या सर्व्हरवर तो ‘ऑथ फेल’ म्हणतो. होस्ट कीच जुळली नाही तर ‘अल्गोरिदम निगोशिएशन फेल’. पहिला संदेश ओळख न पटल्याचा वाटतो, पण अनेकदा तोही सहीच्याच कारणाने आलेला असतो. त्याच लायब्ररीची अजून सांभाळली जाणारी शाखा उपलब्ध आहे. ती बसवली की बहुतेक कोडला हात लावावा लागत नाही, आणि सर्व्हरलाही नाही.