वैद्यकीय समाजशास्त्रातील अध्यापन-संशोधन पदासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि निवड

वैद्यकीय समाजशास्त्रातल्या पदांच्या जाहिराती मुख्यतः दोन ठिकाणांहून निघतात. एक म्हणजे विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग, दुसरं म्हणजे वैद्यकीय महाविद्यालय किंवा सार्वजनिक आरोग्य संस्था. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्ट्रॉस यांनी १९५७ मध्येच हा फरक मांडला होता: काही अभ्यासक वैद्यकव्यवस्थेकडे बाहेरून, चिकित्सक नजरेने पाहतात, तर काही त्या व्यवस्थेत राहून तिच्या प्रश्नांवर काम करतात. जाहिरात हाती आली की ती यांपैकी कुठल्या बाजूची आहे ते आधी ठरवा. पुढचा प्रत्येक कागद त्यावर अवलंबून आहे.

पात्रता

सहायक प्राध्यापक किंवा लेक्चररच्या पदासाठी साधारणपणे पीएचडी लागते. ती समाजशास्त्रातलीच हवी असं नाही. मानववंशशास्त्र, सार्वजनिक आरोग्य किंवा आरोग्यसेवा संशोधनातली पदवीही अनेक ठिकाणी चालते. प्रबंध सादर झाला असेल आणि पदवी हाती यायची असेल, तर जाहिरातीतली तारखेची अट नीट वाचा. काही संस्था अर्जाच्या दिवशी पदवी मागतात, काही रुजू होईपर्यंत थांबतात. जर्मन भाषक देशांत पूर्ण प्राध्यापकपदासाठी पीएचडीनंतर हाबिलिटात्सिओन (पीएचडीच्या पुढची, स्वतंत्र संशोधनावर मिळणारी पात्रता) किंवा त्याच्या तोडीचं काम पाहण्याची परंपरा आहे.

डॉक्टर किंवा परिचारिका म्हणून काम केलेल्यांना या क्षेत्रात मोठा वाव आहे. मात्र रुग्णालयातला अनुभव संशोधनपद्धतीच्या प्रशिक्षणाची जागा घेत नाही. मुलाखती, निरीक्षण, सर्वेक्षणाचं विश्लेषण हे तुम्ही कुठे आणि कुणाकडे शिकलात, ते अर्जात स्पष्ट दिसायला हवं.

कागदपत्रे

पदव्या, गुणपत्रिका आणि लागत असल्यास त्यांचे प्रमाणित अनुवाद आधीच तयार ठेवा. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा कायमचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नसेल तर काढून घ्या. ही नोंदणी २०१२ पासून सुरू आहे आणि मोफत आहे. शिफारस देणारे बहुधा दोन ते तीन लागतात. त्यांतल्या एकाने तरी तुमचं शिकवणं प्रत्यक्ष पाहिलेलं असावं.

प्रकाशनांच्या यादीवर जास्त वेळ द्या, कारण गैरसमज सर्वाधिक इथेच होतात. समाजशास्त्रात एकट्याने लिहिलेल्या लेखाला आणि स्वतंत्र पुस्तकाला वजन असतं. वैद्यकीय नियतकालिकांत मोठ्या गटाचे लेख नेहमीचे असतात, आणि लेखकांच्या यादीतलं शेवटचं नाव बहुधा गटप्रमुखाचं असतं. म्हणून प्रत्येक सामूहिक लेखापुढे एका ओळीत तुमचा वाटा लिहा: मुलाखती घेतल्या, विश्लेषण केलं, पहिला मसुदा लिहिला. समाजशास्त्र विभागाच्या समितीला वैद्यकीय नियतकालिकांतला नावांचा क्रम ठाऊक असेलच असं नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीलाही एका पुस्तकामागे किती वर्षं जातात, हे सांगावं लागतं.

संशोधन आराखड्यात पुढच्या तीन ते पाच वर्षांचं काम येऊ द्या. त्यात नैतिक मंजुरीचा टप्पा हमखास असावा. रुग्ण, त्यांचे नातेवाईक किंवा कर्मचारी यांच्याशी बोलायचं तर नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि रुग्णालयात शिरायला अनेकदा वेगळी परवानगी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णालयांत काम करणाऱ्या विद्यापीठीय संशोधकांसाठी यासाठी ‘रिसर्च पासपोर्ट’ची व्यवस्था आहे. आधीच्या अभ्यासाचं मंजुरीपत्र आणि संमतीपत्राचा नमुना जपून ठेवा, मागितल्यास जोडा. मात्र सहभागी व्यक्ती ओळखू येईल असा मजकूर अर्जासोबत दिलेल्या नमुना-लेखनात किंवा सादरीकरणात चुकूनही जाऊ देऊ नका. ज्यांनी आजारपणात आपल्यावर विश्वास टाकला, त्यांचं आपण एवढं तरी देणं लागतो.

अध्यापन निवेदन, म्हणजे आपण काय आणि कसं शिकवतो हे सांगणारा कागद, अनेकजण शेवटच्या रात्री उरकतात, आणि हे मला मनापासून खटकतं. वैद्यकीय शिक्षणात समाजशास्त्राची गरज अधिकृतपणे मानली गेली आहे. डॉक्टरांचं नियमन करणाऱ्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९९३ च्या शिफारशींत सामाजिक व वर्तनविज्ञानाला अभ्यासक्रमात जागा दिली. अमेरिकेतल्या एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा समावेश असलेला स्वतंत्र भाग आहे. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज करताना एका तासाचा प्रत्यक्ष आराखडाच द्या. उदाहरणार्थ, अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये मांडलेली ‘रुग्णभूमिका’: आजारी माणसाला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते, पण बरं होण्याचा प्रयत्न करणं त्याच्याकडून अपेक्षित असतं. मग विद्यार्थ्यांना विचारा, ज्याचा मधुमेह आयुष्यभराचा आहे त्याला ही चौकट कितपत लागू होते? समाजशास्त्र विभागासाठी तोच तास सिद्धान्तावरच्या टीकेकडे वळवता येतो.

निवड

छाननीनंतर निवडक उमेदवारांना बोलावतात. बहुतेक ठिकाणी संशोधनावर व्याख्यान आणि समितीसमोर मुलाखत असते. काही ठिकाणी नमुना तासही घ्यायला लावतात. श्रोत्यांत डॉक्टर असतील तर ‘मुलाखती फक्त तीसच का?’ हा प्रश्न येण्याची दाट शक्यता असते. गुणात्मक (आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवर आधारलेल्या) संशोधनात नमुना कसा निवडला आणि मुलाखती कुठे थांबवल्या, याचं शांत, मुद्देसूद उत्तर तयार ठेवा. अशा संशोधनाच्या मांडणीसाठी ‘कोरेक’ ही ३२ मुद्द्यांची तपाससूची २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. वैद्यकीय नियतकालिकांशी संबंध आलेल्यांना ती परिचित असते.

निवडपत्र आल्यावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: अध्यापनाचा भार किती, क्षेत्रकार्यासाठी सुटा वेळ किती, आणि पद कायम आहे की प्रकल्पाच्या निधीपुरतं.