डीपीटी की पीएचडी? अमेरिकेतल्या फिजिओथेरपीच्या दोन डॉक्टरेट

अमेरिकेतल्या अनेक सरकारी विद्यापीठांत फिजिओथेरपीच्या दोन डॉक्टरेट चालतात, आणि बऱ्याचदा त्या एकाच इमारतीत असतात. एक डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. दुसरी पीएचडी. तिचं नाव फ्लोरिडा विद्यापीठात ‘रिहॅबिलिटेशन सायन्स’, तर डेलावेअरला ‘बायोमेकॅनिक्स अँड मूव्हमेंट सायन्स’. दोन्हीकडे शेवटी डॉक्टरेटच मिळते म्हटल्यावर चौकशी करणारे एकीची फी आणि दुसरीचा स्टायपेंड शेजारी मांडतात आणि ‘इथे तर उलट पैसे मिळतात’ म्हणून पीएचडीकडे वळतात. पेशंट तपासायचे असतील तर हा हिशेब फार महागात पडतो, कारण नुसत्या पीएचडीवर फिजिओचं लायसन्स मिळत नाही.

डीपीटी ही पेशात शिरण्याची पदवी. पूर्वी तिथे फिजिओ व्हायला बॅचलर्स पुरायचं, मग मास्टर्स आलं. पेशात शिरतानाच डीपीटी घेतलेली पहिली तुकडी १९९६ मध्ये क्रेटन या खासगी विद्यापीठातून बाहेर पडली आणि पुढच्या वीस वर्षांत बाकी सगळे त्याच वाटेने गेले. या कोर्सना मान्यता देणाऱ्या कॅप्टी या संस्थेने २०१५ अखेरची मुदत घालून दिली होती. त्यामुळे आज अमेरिकेत शिकून फिजिओ व्हायचं तर डीपीटीला पर्याय नाही. कोर्स साधारण तीन वर्षांचा, त्यातले किमान तीस आठवडे पूर्णवेळ पेशंटमध्ये. मग देशभर एकच असलेली एनपीटीई परीक्षा. २०० ते ८०० च्या पट्टीवर ६०० मिळवावे लागतात आणि आयुष्यात सहाच प्रयत्न. ती पार पडली की ज्या राज्यात काम करायचं तिथलं लायसन्स. (पदवी डॉक्टरेट झाली तशी कर्जं वाढली, पगार मात्र त्या मानाने वाढले नाहीत, ही तिथल्या फिजिओंची जुनी कुरकुर आहे. मला ती रास्त वाटते.)

फरक समजायला गुडघा पाहू. एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या एका महत्त्वाच्या अस्थिबंधाचं, ऑपरेशन झालेली एक फुटबॉल खेळणारी मुलगी. सहा महिने उलटलेत, दुखत नाही, पळता येतंय आणि तिला पुढच्या आठवड्यात मैदानात उतरायचंय. डीपीटीच्या विद्यार्थ्याला इथे निर्णय द्यायचा असतो. तो तिला डायनॅमोमीटरच्या खुर्चीवर बसवतो, मांडी पट्ट्याने आवळतो, नडगीला पॅड लावतो आणि ‘ढकल, अजून जोरात’ म्हणत दोन्ही पायांची ताकद मोजतो. मग एका पायावर लांब उड्या. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आला नसेल तर उत्तर ‘अजून नाही’. हे त्या मुलीला, तिच्या आईवडिलांना आणि घाईला आलेल्या कोचला पटेल असं सांगणं हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग. सुपरवायझर ते बघत असतो.

पीएचडीचा विद्यार्थी त्याच खुर्चीशेजारी उभा असतो, पण या मुलीने खेळावं की नाही हे त्याला ठरवायचं नसतं. नव्वदच का? सहाव्या महिन्यात मैदानात सोडलेल्यांचं काय होतं आणि नवव्या महिन्यात सोडलेल्यांचं काय? डेलावेअर आणि ऑस्लोच्या संशोधकांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षं माग ठेवला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं पुढे ढकललं, त्यातल्या दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. नऊ महिन्यांनंतर थांबून आणखी फायदा दिसला नाही. ‘नऊ महिने तरी थांब’ हे क्लिनिकमधलं वाक्य आज अशा आकड्यांवर उभं आहे. असा आकडा काढायचा म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी, मध्येच फोन उचलायचं बंद केलेले रुग्ण, संख्याशास्त्र आणि परीक्षकांनी लाल शेरे मारून परत पाठवलेले मसुदे. यात चार ते सहा वर्षं सहज जातात.

आता पैसा. डीपीटीची फी विद्यार्थीच भरतो. सरकारी विद्यापीठात त्याच राज्यातल्या रहिवाशाला एक दर आणि बाहेरच्याला दुसरा, बराच चढा. विद्यार्थी व्हिसावर आलेला साधारणपणे बाहेरचाच धरला जातो, आणि केंद्र सरकारचं, म्हणजे फेडरल, कर्जही त्याला मिळत नाही. म्हणजे ‘सरकारी म्हणजे स्वस्त’ हे समीकरण परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत बरंच ढासळतं. खुद्द अमेरिकन विद्यार्थ्यांचंही सोपं राहिलेलं नाही: फी आणि राहण्याचा सगळा खर्च भागवणारं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद करणारा कायदा २०२५ मध्ये झाला. बाहेर पडल्यावर कमाई बरी असते. तिथल्या कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये फिजिओंचा मध्यक पगार वर्षाला १,०१,०२० डॉलर होता. पण तीन वर्षं हाती काही येत नाही, हे धरूनच गणित करा.

पीएचडीत बहुतेक वेळा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा लॅबमधल्या कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. त्यात खर्च भागतो, शिल्लक फारशी पडत नाही. शिवाय तो पैसा अनेकदा गाईडच्या ग्रँटमधून येतो आणि ग्रँट संपली की लॅबचा नूर पालटतो. म्हणून अर्ज करायची पद्धतही वेगळी. डीपीटीसाठी पीटीकॅस या एकाच पोर्टलवरून अनेक विद्यापीठांना अर्ज जातो: अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्सचे मार्क आणि बऱ्याच ठिकाणी क्लिनिकमध्ये बसून पाहिलेल्या तासांची नोंद. पीएचडीला आधी गाईड गाठायचा. त्यांचे दोन-तीन पेपर वाचून नेमका एक प्रश्न विचारणारी छोटी ईमेल इथे चकचकीत सीव्हीपेक्षा जास्त काम करते.

दोन्ही पदव्या एकमेकींवाचून चालत नाहीत, हेही खरं. डीपीटीच्या मुख्य शिक्षकांपैकी निम्म्यांकडे तरी पीएचडीसारखी संशोधनाची डॉक्टरेट असावी, असा कॅप्टीचा नियम आहे. शिकवायचं ठरलेलं असेल तर लायसन्स आणि पीएचडी असं दोन्ही असलेल्या माणसाला चांगली मागणी असते. डेलावेअरसारख्या काही ठिकाणी दोन्ही पदव्या जोडून करता येतात. पण विशीत दोन्ही हवंच म्हणणाऱ्याने आधी एखादा उन्हाळा कुणाच्या तरी लॅबमध्ये डेटा भरून बघावा. तिथे कंटाळा आला तर डीपीटी पुरे.

राहिली ट्रान्झिशनल डीपीटी, जी परदेशातून बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची बॅचलर्स, करून आलेल्यांना सगळ्यात जास्त चकवते. तिच्या नावात डीपीटी आहे, पण ती आधीच फिजिओ असलेल्यांना पदवी वाढवून घेण्यासाठी काढलेली, बरीचशी ऑनलाइन. कॅप्टी मान्यता देते ती फक्त पेशात प्रवेश देणाऱ्या कोर्सला, त्यामुळे ट्रान्झिशनल डीपीटी केली म्हणून लायसन्सचा मार्ग आपोआप मोकळा होत नाही. परदेशी पदवीचं अमेरिकन अभ्यासक्रमाशी विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं, कमी पडलेले विषय भरून काढावे लागतात, मग एनपीटीई आणि त्या राज्याच्या बोर्डाच्या अटी. त्यामुळे अशा कोर्सची फी भरण्याआधी ज्या राज्यात काम करायचं त्या बोर्डाला लिहून विचारा, कोणते विषय धरले जातील, आणि उत्तरही लेखीच घ्या.