सोफिया (नॉस्टिक पुराणकथा)

सोफिया : इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील नॉस्टिक (गूढ ज्ञानातून मुक्ती मिळते असे मानणाऱ्या) पंथांच्या सृष्टिकथेतील दैवी प्रज्ञा. हिब्रू बायबलमधील नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात प्रज्ञा ही सृष्टी घडत असताना देवाच्या जवळ असलेली स्त्री म्हणून बोलते. नॉस्टिकांनी हीच प्रज्ञा घेतली आणि जगाच्या दोषाचे मूळ तिच्याच पदरात टाकले. माणसाने पाप करण्याच्या कितीतरी आधी, देवलोकातच चूक घडली आणि ती अज्ञानाकडून नव्हे तर खुद्द प्रज्ञेकडून घडली, हे या कथेचे वेगळेपण आहे.

‘योहानाचा गुप्तग्रंथ’ या नॉस्टिक ग्रंथात ही कथा सविस्तर येते. परमात्म्यापासून निघालेल्या दिव्य सत्तांना ‘इऑन’ आणि त्यांच्या परिपूर्ण लोकाला ‘प्लेरोमा’ म्हणतात. सोफिया ही या इऑनांपैकी एक. जोडीदाराशिवाय आणि परमात्म्याच्या संमतीविना आपल्यासारखे काही निर्माण करावे, अशी इच्छा तिला झाली. त्यातून सिंहमुखी, सर्पाकृती याल्दाबाओथ जन्मला. त्याला पाहून ती लाजली आणि इतर अमरांना दिसू नये म्हणून तिने त्याला तेजोमय ढगात दडवले. पण आईची शक्ती त्याच्याबरोबर गेलीच होती. त्या बळावर त्याने आपल्या हाताखालचे अधिपती आणि पुढे हे जग घडवले, आणि ‘मी मत्सरी देव आहे, माझ्यावाचून दुसरा देव नाही’ असे जाहीर केले. यावर ग्रंथकाराचा शेरा मार्मिक आहे : दुसरा कोणी नसेलच, तर मत्सर कुणाचा?

याल्दाबाओथाने आदामाचे शरीर घडवले, पण ते हलेना. तेव्हा वरून आलेल्या दूतांनी त्याला फसवून त्याचा श्वास आदामाच्या तोंडावर फुंकायला लावला. सोफियाची शक्ती अशी मुलाकडून माणसात आली आणि आदाम आपल्या निर्मात्यांहून शहाणा ठरला. इकडे सोफियाने रडून पश्चात्ताप केला. तिला वर घेतले गेले खरे, पण तिच्या मूळ जागी नव्हे. उणीव भरून निघेपर्यंत तिला मुलाच्या वर, नवव्या स्थानी राहावे लागले.

दुसऱ्या शतकातील नॉस्टिक गुरू व्हॅलेंटायनस याच्या अनुयायांनी कथा बरीच बदलली. त्यांच्याकडे तीस इऑनांत सोफिया सर्वांत धाकटी. अगम्य पित्याला जाणून घेण्याची तिची ओढ एवढी वाढली, की ‘सीमा’ नावाच्या शक्तीने अडवले नसते तर ती विरून गेली असती. तिची ती आवेगी वासना बाहेर टाकली गेली; तीच अखामोथ, म्हणजे खालची सोफिया. तिच्या अश्रूंतून पाणी, हास्यातून प्रकाश आणि दुःख-भयातून जड पदार्थ झाले. सगळ्या नॉस्टिक साहित्यातला हा बहुधा सर्वांत काव्यमय भाग. तो आपल्यापर्यंत आला मात्र विरोधकाच्या लेखणीतून. लिऑनचा बिशप आयरेनियस याने सुमारे १८० मध्ये या मतांचे खंडन करताना तो नोंदवला, त्यामुळे त्यातला उपहास वजा करूनच तो वाचावा लागतो.

१९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ कॉप्टिक (प्राचीन इजिप्ती भाषेचे उत्तरकालीन रूप) भाषेतील तेरा हस्तलिखित ग्रंथ सापडले आणि नॉस्टिकांचे स्वतःचे लेखन मोठ्या प्रमाणावर हाती आले. ‘योहानाच्या गुप्तग्रंथा’च्या तीन प्रती त्यांत होत्या, चौथी त्याआधीच बर्लिनला पोचली होती.

‘पिस्टिस सोफिया’ हा ग्रंथ त्याहून आधीचा शोध : ब्रिटिश म्युझियमने तो १७८५ मध्येच विकत घेतला होता. त्यात अंधारात अडकलेली सोफिया प्रकाशाला उद्देशून तेरा वेळा पश्चात्तापाची स्तोत्रे म्हणते, आणि मरिया माग्दालेना व येशूचे इतर शिष्य प्राचीन स्तोत्रांच्या आधारे त्यांचा अर्थ उलगडतात.